गिटारचं लाकूड आणि आपला कान

अकूस्टिक गिटार घ्यायला निघालेल्या माणसाच्या कानावर गिटारच्या आधी विशेषणं पडतात. रोझवुडचा आवाज खोल आणि भारदस्त, महोगनीचा कोरडा आणि नेमका, मेपलचा लख्ख, कोआचा गोड. स्प्रूस खणखणीत, सिडार मऊ. दुकानदार हेच सांगतो, माहितीपत्रकात हेच छापलेलं असतं, आणि मित्रांपैकी जो जास्त वाजवतो तोही हेच सांगतो. एकही तार छेडण्याआधी ‘मला रोझवुडच हवं’ असं ठरून जातं, आणि मग त्या एका शब्दासाठी बरेच जास्त पैसे मोजले जातात. लाकडाची आवड खोटी असते असं मला म्हणायचं नाही. पण गिटारच्या पाठीला आणि कडांना कोणतं लाकूड लावलंय, याला आपण आवाजाच्या हिशोबात फार वरची जागा देऊन ठेवली आहे. ती जागा त्याची नाही. वरची फळी, अंगाचा आकार, तारा आणि वाद्याची जुळणी यांचा क्रम त्याच्या बराच आधी लागतो. हे ध्यानात ठेवून गिटार निवडली, तर तेवढ्याच पैशांत बरंच चांगलं वाद्य हाती लागतं.

आधी आवाज कुठून येतो ते पाहू. ताणलेली तार हवेला फारशी हलवू शकत नाही; ती फार बारीक असते. साध्या लाइट गेजच्या सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या पुढे जातो. हा ताण आणि तारेचं थरथरणं ब्रिजमधून वरच्या फळीत, म्हणजे टॉपमध्ये उतरतं. टॉप साधारण अडीच ते तीन मिलिमीटर जाड असतो आणि आतून फुलीसारख्या पट्ट्यांनी, म्हणजे एक्स ब्रेसिंगनं, तोलून धरलेला असतो. हवा हलवण्याचं मुख्य काम हा टॉप करतो, आणि पोटातली हवा साउंडहोलमधून आतबाहेर करत खालच्या स्वरांना जोर देते. त्या हवेला बंदिस्त ठेवायचं काम पाठीचं आणि कडांचं. पाठही थरथरते, नाही असं नाही. पण बसून वाजवताना ती बहुतेक वेळ वाजवणाऱ्याच्या पोटाला आणि छातीला टेकलेली असते, आणि शरीराला टेकलेली फळी फार मोकळेपणानं थरथरू शकत नाही. ज्या भागाच्या लाकडावर सगळ्यात जास्त बोललं जातं, तो भाग वाजवताना निम्मा दाबलेला असतो.

आता पुरावा. २०१८ साली इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रॉजर बकनॉल हे फाइल्ड गिटार्सचे अनुभवी गिटारनिर्माते त्यात सहभागी होते. त्यांनी एकाच आराखड्याच्या सहा गिटार बनवल्या. टॉप सगळ्यांचा सिटका स्प्रूसचा. बदल फक्त पाठीच्या आणि कडांच्या लाकडात. ब्राझिलियन रोझवुड, इंडियन रोझवुड, महोगनी, मेपल, सापेले आणि वॉलनट. यातलं ब्राझिलियन रोझवुड सापेलेच्या कितीतरी पट महाग पडतं. ५२ गिटारवादकांना मंद उजेडात वेल्डरचे काळे चष्मे घालून या गिटार वाजवायला दिल्या. लाकूड दिसणारच नाही, फक्त हाताला लागेल आणि कानाला ऐकू येईल, अशी व्यवस्था. सहाही गिटारना मिळालेले आवाजाचे गुण जवळजवळ सारखे निघाले. आणखी ३१ वादकांची वेगळी चाचणी झाली: दोन गिटार वाजवायच्या, मग त्यांतलीच एक पुन्हा हातात येणार, ती कोणती ते सांगायचं. तेही वादकांना सहज जमलं नाही. यंत्रांनी मोजल्यावर जे बारीक फरक सापडले, तेसुद्धा लाकडाच्या जातीपेक्षा हातानं बनवताना राहणाऱ्या किरकोळ कमीजास्तपणामुळे असावेत, असं संशोधकांनी नोंदवलं. हा एका निर्मात्याचा, एका आराखड्याचा प्रयोग आहे, त्यामुळे पाठीच्या लाकडाचा परिणाम शून्य असतो असं त्यावरून म्हणता येणार नाही. त्यांचा निष्कर्षही परिणाम अगदी थोडा असतो एवढाच आहे, आणि गिटार घेणाऱ्याला तेवढं पुरेसं आहे.

याच गटातल्या क्लॉडिया फ्रिट्झ यांनी व्हायोलिनवर केलेलं काम जास्त गाजलं आहे. २०१२ साली पॅरिसजवळ दहा नामवंत एकल वादकांना जुन्या इटालियन आणि नव्या व्हायोलिन डोळ्यांवर काळे चष्मे घालून वाजवायला दिल्या गेल्या. जुन्यांमध्ये स्ट्रॅडिव्हेरियसही होत्या. मैफलींच्या दौऱ्यासाठी तुमच्या व्हायोलिनऐवजी यातली कोणती न्याल, असं विचारल्यावर दहापैकी सहा जणांनी नवी उचलली. आयुष्य वाद्यात घालवलेल्या कानांचीही पसंती, नाव झाकल्यावर, बदलते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. रोझवुडची मोकळी पट्टी दोन बोटांत धरून टिचकी मारली की ती घंटेसारखी वाजते, महोगनीची तशी वाजत नाही. मग फरक नाही कसा? फरक आहेच. रोझवुड जड आणि घट्ट असतं, त्यात कंपनं लवकर जिरत नाहीत. महोगनी हलकी, तिच्यात जरा लवकर जिरतात. पण ती पट्टी मोकळी असताना. तीच कडांना चहूबाजूंनी चिकटवली, आतून आडव्या पट्ट्या लावल्या, वर पॉलिश चढवलं, आणि तारेचा धक्का तिच्यापर्यंत टॉप, कडा आणि पोटातली हवा यांना ओलांडून पोचायला लागला, की टिचकीत ऐकू आलेला फरक फार थोडा उरतो. अर्थात टॉपच्या फळीला निर्माते टिचकी मारून बघतात, वाकवून बघतात, ते योग्यच आहे. तिथे त्या फळीचा स्वभाव थेट आवाजात उतरतो.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: दुकानात दोन्ही वाजवून पाहिल्या, रोझवुडची खरोखरच चांगली वाटली. यावर माझं उत्तर असं, की ती चांगली असेलही, पण ती रोझवुडमुळेच चांगली आहे हे कशावरून? बहुतेक कंपन्या लाकडाचा उपयोग किमतीच्या पायऱ्या दाखवायला करतात. महाग मॉडेलला रोझवुड देताना त्याच मॉडेलला जास्त काळजीनं घासलेलं ब्रेसिंग, पातळ पॉलिश, हाडाचं सॅडल, चांगल्या तारा आणि कारखान्यातून नीट जुळवलेली ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंचीही दिली जाते. पाच गोष्टी एकदम बदलतात, आणि श्रेय मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या एकाच गोष्टीला जातं. स्वस्त आणि मध्यम किमतीत तर याहून मोठी गोम आहे. यामाहाच्या एफजी मालिकेकडे बघा. ८००, ८२०, ८३० या मॉडेलांचा टॉप एकसारखा, सॉलिड, म्हणजे अखंड स्प्रूसचा. पाठीची लाकडं वेगवेगळी, पण पाठ आणि कडा लॅमिनेट, म्हणजे पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या. या मालिकेच्या गिटार आपल्या किमतीत उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण लॅमिनेट पाठीत आपल्याला दिसतं ते लाकूड हा फक्त वरचा थर असतो. थर आणि गोंद मिळून झालेल्या फळीला त्या लाकडाच्या नावाची सगळी विशेषणं चिकटवणं बरोबर नाही. अशा वेळी रोझवुडसाठी जास्त पैसे द्यायचे तर ते रंगासाठी आणि रेषांसाठी द्यावेत.

तिसरा आक्षेप परंपरेचा, आणि मला तोच सगळ्यात मनोरंजक वाटतो. दीडशे-दोनशे वर्षं मोठमोठ्या निर्मात्यांनी रोझवुड आणि महोगनीच का वापरली? ते काय बहिरे होते? नव्हते. पण निर्माता बाजारात मिळणारं लाकूड वापरतो. ब्राझिलियन रोझवुड युरोप-अमेरिकेत फर्निचरसाठी मुबलक येत होतं, सुंदर दिसत होतं, वाफेवर छान वळत होतं. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं १९६९ साली आपल्या ठरलेल्या मॉडेलांवर ब्राझिलियन सोडून इंडियन रोझवुड वापरायला सुरुवात केली, ती ब्राझीलमधून ओंडके यायचे थांबले म्हणून. त्याच्याही आधी, १९४० च्या दशकात, टॉपसाठीचा ॲडिरोंडॅक स्प्रूस मिळेनासा झाला म्हणून सिटका आला. मार्टिनच्या डी-१८ आणि डी-२८ या दोन प्रसिद्ध गिटार आज महोगनी आणि रोझवुड यांच्या वादातल्या जणू दोन बाजू झाल्या आहेत, पण दोन्हींवर असंख्य उत्तम गाणी उभी राहिली आहेत आणि दोन्हींचा टॉप स्प्रूसचाच आहे. उलट बाजूनं पाहिलं तर स्पेनचा अंतोनिओ दे तोरेस. आजच्या क्लासिकल गिटारचा आराखडा ज्याच्यापासून आला तो हा कारागीर. त्यानं १८६२ साली पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या असलेली गिटार बनवली. टॉप मात्र नेहमीसारखा स्प्रूसचा. वाद्याचा जीव टॉपमध्ये असतो हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. ऑस्ट्रेलियाचे ग्रेग स्मॉलमन यांनी तर पाठ मुद्दाम जाड आणि ताठ ठेवली, टॉप कमालीचा पातळ केला, आणि जॉन विल्यम्ससारखा वादक तीच गिटार घेऊन जगभर वाजवत राहिला. १९९५ साली गिटारनिर्माते बॉब टेलर यांनी माल वाहण्याच्या टाकाऊ पॅलेटच्या ओक लाकडाची गिटार बनवून प्रदर्शनात मांडली, तीही हाच मुद्दा सांगायला: कारागिरी आधी, लाकडाचं नाव नंतर.

तर मग आवड कशावर बांधायची? सगळ्यात आधी अंगाच्या आकारावर. ड्रेडनॉट हा मोठा, रुंद कमरेचा आकार. गाण्याला साथ करायची, पिकनं जोरात स्ट्रमिंग करायचं, तर त्याचा खालचा भरणा उपयोगी पडतो. ओएम किंवा ट्रिपल-ओ आकार कमरेत बारीक, पोट उथळ; बोटांनी वाजवताना सहाही तारा एकमेकींना झाकत नाहीत, सूर सुटे ऐकू येतात. पार्लर आणखी लहान, मधल्या सुरांत बोलकी. महोगनी आणि रोझवुडमधल्या फरकाविषयी लोक जे बोलतात, त्याहून मोठा फरक ड्रेडनॉट आणि ओएममध्ये पहिल्याच कॉर्डला ऐकू येतो, तोही डोळे मिटून. शिवाय आकार अंगाला बसला पाहिजे. खांदा वर उचलून हात फिरवावा लागत असेल, तर ती गिटार कितीही गोड असली तरी घरी पडून राहील.

दुसरं टॉपचं लाकूड, आणि इथे लाकडावर बोलणं मला पूर्ण मान्य आहे. सिटका स्प्रूस वजनाच्या मानानं खूप ताठ असतं. जोरात पिक मारलं तरी आवाज फाटत नाही, पण अगदी हलक्या हातानं ते कधी कधी जरा मिटलेलं वाटतं. सिडार त्याहून हलकं आणि मऊ. बोटाच्या नुसत्या स्पर्शाला ते लगेच बोलतं, पण हात जड पडला की त्याची मर्यादा लवकर येते, आणि नखाचा ओरखडाही लवकर उठतो. टॉपच महोगनीचा असेल तर आवाज दबलेला, मधल्या सुरांत गोळा झालेला. गायकाला साथीसाठी तो आवडू शकतो. एवढं सांगूनही एक गोष्ट विसरू नका: एकाच जातीच्या दोन फळ्याही सारख्या नसतात. शिवाय फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. तीन मिलिमीटरची फळी घासून २.७ वर आणली, तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. निर्मात्याच्या हातातला हा तीन दशांश मिलिमीटर आवाजात जेवढा बोलतो, तेवढं ‘सिटका स्प्रूस की एंगलमान स्प्रूस’ हे पाटीवरचं नाव बोलत नाही. टॉप सॉलिड आहे ना, हे मात्र तपासा. साउंडहोलच्या कडेशी डोळा न्या. वरच्या रेषा कडेवरून वळून जाडीतही खाली सलग उतरताना दिसल्या तर फळी सॉलिड. जाडीत आडवे थर दिसले तर लॅमिनेट. कडेला रंगाची किंवा प्लास्टिकची पट्टी फासून ती झाकलेली असेल, तर दुकानदाराला सरळ विचारा.

तिसरं, जुळणी. तानपुऱ्याची जवारी बिघडलेली असेल तर भोपळा आणि दांडी कितीही उत्तम असून सूर उमलत नाही, हे आपल्याकडे मिरजेचा कुठलाही कारागीर सांगेल. गिटारचं तेच आहे, फक्त आपण तिथे हा नियम लावत नाही. बाराव्या फ्रेटपाशी जाड तार फ्रेटच्या वर साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तार दोनच्या आसपास असेल, तर बहुतेकांना वाजवायला सोपं जातं. याहून फार उंच असेल तर बोटं दुखतात, सूर ताणून वर चढतात. फार खाली असेल तर तार फ्रेटवर खरखरते. नट नीट कापलेला नसेल तर पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड लागतच नाही, आणि शिकणारा समजतो की आपल्यालाच जमत नाही. तारांचं तर विचारूच नका. गंजलेल्या तारा उतरवून फॉस्फर ब्राँझच्या नव्या चढवल्या की होणारा बदल पाठीच्या कुठल्याही लाकडाच्या बदलापेक्षा मोठा असतो. पिकची जाडी बदला, पुन्हा आवाज वेगळा.

दुकानात हे सगळं पारखायचं कसं? जोडीला कुणाला तरी न्या. तुम्ही पाठ करून बसा, त्यांनी तीन गिटार एकेक करून तुमच्या हातात द्याव्यात, नाव आणि किंमत न सांगता. तिन्ही आधी सुरात लावून घ्या. बेसूर गिटार हरलेलीच असते. एकच तुकडा तिन्हींवर वाजवा, हळू आणि मग जोरात, आणि प्रत्येक तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटचे सूर सुटे छेडून किती वेळ टिकतात ते ऐका. मग जागा बदला: त्यांना वाजवू द्या आणि तुम्ही समोर चार-पाच फुटांवर बसा. साउंडहोल समोरच्याकडे तोंड करून असल्यामुळे वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकच गिटार वेगवेगळी ऐकू येते. एका गोष्टीची मात्र सावधगिरी ठेवा. जी गिटार थोडी मोठ्यानं वाजते ती कानाला आपोआप चांगली वाटते. म्हणून तिन्ही सारख्याच मोठ्यानं ऐकू येतील असा हात ठेवून पुन्हा ऐका. दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा केलं आणि निवड तीच राहिली, तर ती तुमची खरी आवड समजा.

यावर कुणी म्हणेल, आवडीला एवढी परीक्षा कशाला? मला शिसवी रंग आवडतो, त्या काळपट जांभळ्या रेषा आवडतात, गिटार हातात घेतली की वाजवावंसं वाटतं. एवढं पुरे नाही का? पुरे आहे, आणि हे कारण मी मनापासून मान्य करतो. वाद्य रोज उचलावंसं वाटणं ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे जुन्या वाड्यांतल्या खुर्च्या-कपाटांत जे शिसवी लाकूड दिसतं, तेच डालबर्जिया लॅटिफोलिया जगभरच्या गिटारना इंडियन रोझवुड म्हणून लागतं. त्याचं देखणेपण आपल्याला निराळं सांगायला नको. फक्त सौंदर्यासाठी दिलेले पैसे सौंदर्याच्याच खात्यात मांडा. तसं मांडलं की त्यासाठी टॉपमध्ये किंवा जुळणीत तडजोड होत नाही.

आपल्या हवामानाचाही विचार यात आलाच पाहिजे. सॉलिड लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात ती ८०–९० टक्क्यांवर जाते. टॉप फुगतो, ॲक्शन वर येते, आवाज जड होतो. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दुपारी ती बरेचदा २५ टक्क्यांच्याही खाली उतरते. फ्रेटची टोकं कडेला टोचू लागतात आणि टॉपला किंवा पाठीला तडा जाऊ शकतो. केस, छोटा हायग्रोमीटर, आणि ऋतूप्रमाणे सिलिका जेल किंवा ओलावा देणारी पिशवी ठेवायची तयारी असेल तरच ऑल-सॉलिड घ्या. तेवढी निगा जमणार नसेल तर सॉलिड टॉप आणि लॅमिनेट पाठ-कडा हीच शहाणपणाची निवड आहे. थर आडवेउभे चिकटवलेले असल्यामुळे अशी पाठ हवेनं फारशी हलत नाही. तिला कमीपणाची मानायचं काही कारण नाही.

आणि जंगलाचा हिशोब आहे. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद. २०१७ मध्ये डालबर्जियाच्या, म्हणजे रोझवुडच्या वंशातल्या, उरलेल्या सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात आल्या. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण ब्राझिलियनला नाही. परदेशी राहणाऱ्या किंवा गिटार घेऊन परदेशी जाणाऱ्या मराठी वादकांनी जुनी ब्राझिलियन रोझवुडची गिटार कागदपत्रांशिवाय सीमेपार नेऊ नये. काळे चष्मे घातलेल्या वादकांना सापेले आणि रोझवुड वेगळं ओळखणं कठीण जात असेल, तर दुर्मीळ झाडासाठी हट्ट धरायला आवाजाचं कारण पुढे करता येत नाही.

नवी गिटार घेण्याआधी घरातल्या गिटारवर नव्या तारा चढवा, जाणकाराकडून नट-सॅडल आणि ॲक्शन नीट करून घ्या आणि महिनाभर वाजवा. त्यानंतरही ती अपुरी वाटली तर दुकानात जा, आधी आकार ठरवा, मग टॉप ऐका, आणि पाठीचं लाकूड कोणतं हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा.